मशिदीतून हमामापर्यंत : अथेन्सच्या लोककला संग्रहालयाची शंभर वर्षे

अथेन्स म्हटले की पार्थेनॉन, संगमरवरी खांब आणि देवदेवतांचे पुतळे. या शहरात संग्रहालय काढायचे तर ते प्राचीन मूर्तींचेच, हे एकोणिसाव्या शतकात सगळ्यांनी गृहीत धरले होते. अशा शहरात १९१८ साली एक कवी आणि एक पुरातत्त्वज्ञ पुढे आले आणि त्यांनी संग्रहालय काढले ते गावाकडच्या बायकांच्या भरतकामाचे, मेंढपाळांच्या कोरीव काठ्यांचे, कुंभारांच्या घागरींचे. जागा मिळाली ती एका जुन्या, ओस पडलेल्या मशिदीची. पुढे साडेसहा दशकांनी याच संस्थेकडे एक बंद पडलेला तुर्की हमाम सोपवण्यात आला, आणि आज अथेन्समध्ये उस्मानी काळातले सार्वजनिक स्नानगृह आतून पाहायचे असेल तर तेवढी एकच वास्तू शिल्लक आहे.

संस्थेने शंभर वर्षांत नावे बदलली, जागा वाढवल्या, संग्रह कितीतरी पटींनी फुगला. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून टिकून राहिली. बाकीच्यांना ज्यात काही जपण्यासारखे दिसले नाही ते या संस्थेने जपले, आणि हे करताना वस्तूंबरोबर वास्तूही वाचवल्या.

पूर्वपीठिका : १४५६ ते १९१७

१४५६ साली अथेन्स उस्मानी तुर्कांच्या ताब्यात गेले. जेथे तुर्की सत्ता गेली तेथे मशीद, बाजार आणि हमाम ही तिन्ही ओघाने आली. अथेन्सचा हा हमाम त्या राजवटीच्या पहिल्या पर्वातला, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीचा मानला जातो. प्रसिद्ध तुर्की प्रवासी एव्लिया चेलेबी याच शतकाच्या उत्तरार्धात अथेन्सला आला. त्याने शहरातल्या तीन सार्वजनिक हमामांची नोंद केली आहे. त्यांतला आज उभा आहे तो हा एकच, अबिद एफेंदीचा हमाम. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर, प्लाका वस्तीत, इसवी सनापूर्वीच्या काळातल्या अष्टकोनी ‘वाऱ्यांच्या मनोऱ्या’पासून हाकेच्या अंतरावर तो आहे. मनोऱ्याच्या आठ बाजूंवर आठ वारे कोरलेले आहेत. त्यावरून ग्रीक लोक या परिसराला ‘एरिदेस’ म्हणजे वारे म्हणू लागले आणि हमामाचेही नाव तेच पडले. ज्या रस्त्यावर तो आहे त्याचे नाव किरिस्तू, मनोरा बांधणाऱ्या किरोसच्या अँड्रोनिकसवरून दिलेले.

हमाम मुळात एकेरी होता. एकाच इमारतीत पुरुषांची वेळ वेगळी आणि बायकांची वेगळी. एकोणिसाव्या शतकात त्यात भर घालून दोन स्वतंत्र भाग करण्यात आले. मुसलमान आले तसे ख्रिस्तीही येत. लग्नाआधी नवरीला मैत्रिणी वाजतगाजत हमामात नेत, बाळंतीण चाळिसाव्या दिवशी न्हायला येई. बायकांच्या दृष्टीने घराबाहेर चारचौघींत निवांत बसता येईल अशा जागा त्या काळी फार नव्हत्या, त्यामुळे आंघोळ उरकून लगेच घरी परतण्याची कुणाला घाई नसे. सोयरिकीसाठी मुलगी हेरण्याचे कामही येथेच चाले.

मोनास्तिराकी चौकातली त्सिस्ताराकिस मशीद १७५९ सालची. अथेन्सचा तुर्की कारभारी मुस्तफा आगा त्सिस्ताराकिस याने ती बांधली. बांधकामाला चुना हवा म्हणून त्याने एक प्राचीन संगमरवरी खांब सुरुंगाने उडवून भट्टीत भाजला. खांब ऑलिम्पियन झ्यूसच्या देवळाचा होता, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. लोकांची समजूत अशी की खांब पडला की साथ येते. पुढे प्लेग आला तेव्हा अथेन्सकरांनी त्याचे खापर आगाच्या माथी फोडले, आणि आगाचे पद गेले. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर मशिदीचे भोग सुरू झाले. कधी बराक, कधी तुरुंग, कधी कोठार. मशिदीचा मनोरा तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीच पाडला गेला.

तो काळच तसा होता. १८३४ मध्ये अथेन्स नव्या ग्रीस राज्याची राजधानी झाले आणि राजधानी शोभावी म्हणून प्राचीन अवशेषांवर चढलेले सारे मधले थर खरवडून काढण्याचे सत्र सुरू झाले. अ‍ॅक्रोपोलिसवरचा मध्ययुगीन फ्रँकिश बुरूजही १८७० च्या दशकात पाडला गेला. तो पाडण्याचा खर्च ट्रॉयच्या उत्खननामुळे गाजलेल्या हाइनरिक श्लीमानने उचलला. ज्या शहरात ख्रिस्ती राजवटीच्या बुरुजाला ही वागणूक मिळाली, तेथे तुर्की हमामांची काय कथा! एकेक करून ते गेले.

१९१८ ते १९२८ : स्थापना

या पार्श्वभूमीवर संस्थेचा जन्म झाला. जॉर्जिओस द्रोसिनिस (१८५९–१९५१) हे त्या पिढीतले मान्यवर कवी. ते शिक्षण खात्यात साहित्य व कला विभागाचे प्रमुख होते आणि उपयुक्त ग्रंथांच्या प्रसारासाठी काढलेल्या मंडळाचे कामही त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. दुसरे संस्थापक कॉन्स्तांतिनोस कुरुनिओटिस (१८७२–१९४५) हे पुरातत्त्वज्ञ. इलेफसिसच्या उत्खननात त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे घालवली आणि १९३९ मध्ये पिलोसच्या मायसिनी राजवाड्याचा शोध लागला त्या मोहिमेतही ते होते. जन्मभर प्राचीन दगडमाती उपसणाऱ्या माणसाला आजीच्या पेटीतल्या भरतकामाचे मोल कळावे, हे त्या काळात तरी विरळाच म्हटले पाहिजे.

अर्थात या विचाराला आधार होता. निकोलाओस पोलिटिस यांनी ग्रीसमध्ये लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया घातला होता आणि १९०८ मध्ये लोकसाहित्य मंडळही स्थापन केले होते. त्यातच १९१२–१३ च्या बाल्कन युद्धांत ग्रीसचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला. क्रीट, एपिरस, मॅसिडोनियाचा मोठा भाग आणि एजियन बेटे ग्रीसला मिळाली, आणि प्रत्येक प्रांताबरोबर भरतकामाची, विणकामाची, चांदीच्या दागिन्यांची निराळी तऱ्हा आली. यंत्रावरचे स्वस्त कापड मात्र त्याच वेगाने गावागावांत शिरत होते. आज गोळा केले नाही तर उद्या दाखवायलाही मिळणार नाही, हे दोघांनी ओळखले.

मशिदीची डागडुजी १९१५ मध्येच हाती घेतली गेली होती. वास्तुतज्ज्ञ अनास्तासिओस ओर्लांदोस यांनी ते काम केले. १९१८ मध्ये तेथे ‘ग्रीक हस्तव्यवसाय संग्रहालय’ सुरू झाले. चौकोनी दालन, वर घुमट, पुढे तीन लहान घुमटांची ओसरी, आणि खाली बाजारातली दुकाने. मेहराब होता तसाच ठेवून भोवती कपाटे मांडली गेली.

पाच वर्षांनी, १९२३ मध्ये, संस्थेचे नाव ‘राष्ट्रीय आलंकारिक कला संग्रहालय’ झाले. नावामागे दृष्टीचा प्रश्न असतोच. कारागिराच्या उत्पादनाला प्रोत्साहन द्यायचे की जुन्या वस्तूंचे जतन करायचे, यावर चर्चा झाल्या असतील, पण संग्रह मात्र दोन्ही अंगांनी वाढत गेला. त्याच सुमारास आशिया मायनरमधून बारा लाखांवर ग्रीक निर्वासित देशात आले. होते नव्हते ते मागे टाकून आलेल्या या माणसांबरोबर गालिचे विणणे, मातीची भांडी रंगवणे, रेशमाचे काम अशी कसबेही आली. ग्रीक लोककलेचा नकाशा त्या एका लोंढ्याने बदलला.

याच ओघात केळकर संग्रहालयाचे नाव मराठी वाचकाला आठवेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर १९२० च्या सुमारास पुण्यात दिवे, अडकित्ते, दारे आणि घरातली भांडी गोळा करू लागले. अथेन्सचा कवी सरकारी हुद्द्यावरून हे काम करत होता, पुण्याचा कवी पदरमोड करून. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता.

१९३० आणि १९४० ची दशके : कसोटीचा काळ

या काळात संस्थेचे काम ज्यांनी पेलले त्यांत अ‍ॅना अपोस्तोलाकी यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. क्रीटमध्ये जन्मलेल्या अपोस्तोलाकी ग्रीसच्या पहिल्या स्त्री-पुरातत्त्वज्ञांपैकी एक. जुन्या वस्त्रांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. कोणता टाका कोणत्या बेटाचा, कोणता रंग कोणत्या मुळीचा, हे ठरवणे म्हणजे नुसती हौस नव्हे, ते शास्त्र आहे, हे त्यांनी कामातून दाखवून दिले. भरतकामाचे तुकडे तोवर ‘सुंदर’ म्हणून जमा होत, आता ते गाव आणि वापर यांसह नोंदले जाऊ लागले. सोबतच्या सहायकांनी, शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रियांनी आणि साध्या नोकरवर्गाने या नोंदींचे कष्ट वाटून घेतले. त्यांची नावे छापून आली नाहीत, एवढेच.

१९४१ मध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या. त्या हिवाळ्यात शहरात भुकेने माणसे रस्त्यात पडली. महायुद्ध संपते न संपते तोच यादवी सुरू झाली, ती १९४९ पर्यंत चालली. अशा दिवसांत संग्रहालयाची वाढ कोण विचारतो! आहे ते सांभाळणे हीच त्या वर्षांची कमाई.

तिकडे किरिस्तू रस्त्यावरच्या हमामाची भट्टी या सगळ्या धामधुमीच्या काळातही बंद पडली नव्हती. तुर्क गेले तरी घरोघरी न्हाणीघर नव्हतेच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पोटभर गरम पाण्याची आंघोळ हवी असेल तर सार्वजनिक स्नानगृहाशिवाय दुसरा उपाय नव्हता.

१९५० आणि १९६० ची दशके : नवे नाव, विझलेली भट्टी

१९५९ मध्ये संस्थेला ‘ग्रीक लोककला संग्रहालय’ हे नाव मिळाले आणि पुढची सहा दशके ती याच नावाने ओळखली गेली. या काळात आणि नंतरही पोपी झोरा यांनी संचालक म्हणून दीर्घकाळ धुरा वाहिली. संग्रह घुमटाखाली मावेना. चर्चची वस्त्रे, चांदीकाम, लाकडी कोरीवकाम, सावल्यांच्या खेळातला कारागिओझिस आणि त्याचा गोतावळा, असे सगळे एका दालनात दाटीवाटीने राहत होते.

१९६६ मध्ये एक मजेशीर प्रसंग घडला. सौदी अरेबियाचे पदच्युत राजे सौद अथेन्समध्ये होते. त्यांना नमाजासाठी जागा हवी होती आणि चालू असलेली मशीद शहरात नव्हती. तेव्हा संग्रहालयाची वास्तू त्यांच्यासाठी तात्पुरती सजवण्यात आली.

याच दशकांत अथेन्सचा चेहरामोहरा बदलला. जुनी बैठी घरे पाडून तेथे पाच-सहा मजली इमारती उभ्या राहिल्या. जमीनमालकाने जागा द्यायची, बांधकाम करणाऱ्याने बदल्यात त्याला दोन-चार सदनिका द्यायच्या, असा तो व्यवहार. प्रत्येक सदनिकेत न्हाणीघर आले आणि सार्वजनिक स्नानगृहांचे गिऱ्हाईक आटले. सुमारे तीन शतके तापत राहिलेला किरिस्तू रस्त्यावरचा हमाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थंड पडला तो या कारणाने. तुर्कद्वेषापायी कोणी त्याला टाळे ठोकले नाही. थेस्सालोनिकीतला १४४४ सालचा बे हमामही १९६८ पर्यंत चालू होता, आणि तोही असाच मागे पडला.

१९७० चे दशक : प्लाकात पाऊल

१९७३ मध्ये संस्थेचा मुख्य संग्रह प्लाकातल्या किदाथिनेऑन रस्त्यावरच्या १७ क्रमांकाच्या इमारतीत हलला. घुसमटलेल्या संग्रहाला प्रथमच मोकळा श्वास मिळाला. मजल्यामजल्यांवर भरतकाम, पोशाख, चांदी, मुखवटे अशी विभागणी करता आली. स्किरोस बेटावरच्या कार्निव्हलमधला ‘म्हातारा’ येथे भेटे. अंगावर केसाळ कातडे, चेहऱ्यावर बकरीच्या कातड्याचा मुखवटा आणि कमरेभोवती बकऱ्यांच्या गळ्यातल्या जड घंटांची माळ. घंटा नुसत्या उचलून बघितल्या तरी दिवसभर त्या घेऊन नाचणाऱ्याची ताकद कळते.

लेस्बोस बेटावरचा थिओफिलोस (मृत्यू १९३४) हा रस्तोरस्ती हिंडून खानावळींच्या आणि दुकानांच्या भिंती रंगवणारा चित्रकार. जेवणावारी काम करणाऱ्या या माणसाची लोक जिवंतपणी टिंगल करत. त्याने रंगवलेली एक अख्खी खोली बेटावरून आणून संग्रहालयात पुन्हा उभी करण्यात आली. मशिदीची वास्तूही संस्थेकडेच राहिली. १९७४ मध्ये प्राध्यापक वासिलिओस किरियाझोपुलोस यांनी आपला मातीच्या भांड्यांचा मोठा संग्रह दान केला आणि घुमटाखालची जागा मृत्कलेच्या दालनासाठी मुक्रर झाली.

तो प्लाका आजच्यासारखा नव्हता. रात्रभर चालणारे क्लब, ध्वनिक्षेपक, निऑनच्या पाट्या आणि अरुंद गल्ल्यांतून घुसणाऱ्या मोटारी यांनी वस्तीचा जीव मेटाकुटीला आला होता. मूळ रहिवासी घरे विकून जात होते.

१९८० चे दशक : भूकंप आणि हमाम

२४ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री मोठा भूकंप झाला. मशिदीला तडे गेले. मृत्कलेचे दालन बंद करून दुरुस्ती हाती घ्यावी लागली, आणि ती दहा वर्षे चालली.

याच दशकात प्लाकाचे नशीब मात्र पालटले. सरकारने जमीनवापराचे कडक नियम केले, क्लबांना आळा घातला, बऱ्याच गल्ल्यांत मोटारींना बंदी केली. चित्रपटांतून गाजलेल्या मेलिना मर्कुरी १९८१ पासून संस्कृतिमंत्री होत्या. वारसा म्हणजे केवळ पार्थेनॉन नव्हे, राहती वस्तीही वारसाच, हा विचार या काळात सरकारदरबारी रुजला.

त्याच वाऱ्यावर १९८४ मध्ये हमामाची इमारत संग्रहालयाच्या स्वाधीन झाली. जे हाती आले ते काही सहजासहजी दाखवण्यासारखे नव्हते. शतकानुशतकांची वाफ, ओल आणि काजळी, गळके घुमट, वेळोवेळी गरजेप्रमाणे केलेल्या जोडण्या. कोणती भर ठेवायची आणि कोणती काढायची, हा अशा कामातला खरा पेच असतो. सगळे काढून ‘मूळ’ रूप द्यायचे म्हटले तर एकोणिसाव्या शतकातली वाढही जाते, आणि बंद पडेपर्यंत माणसे न्हात होती ती तर त्याच वाढीव हमामात. हमाम जसा वाढत गेला तसाच राखण्याचा मार्ग पत्करला गेला. अभियंते, वास्तुतज्ज्ञ, गवंडी आणि संग्रहालयाचे कर्मचारी यांचा हा सामुदायिक पराक्रम आहे.

१९९० चे दशक : हमाम झाला संग्रहालय

१९९१ मध्ये दुरुस्त झालेली मशीद पुन्हा उघडली आणि १९९८ मध्ये हमाम लोकांसाठी खुला झाला. संस्थेच्या इतिहासातला हा मानाचा टप्पा, म्हणून येथे जरा थांबून वास्तूत फिरून येणे योग्य होईल.

रस्त्यावरून पाहिले तर येथे काही ऐतिहासिक आहे असे वाटतच नाही. दर्शनी भाग साध्या घरासारखा आहे, घुमट दिसतात ते उंचावरून पाहिले तरच. आत गेल्यावर पहिले दालन कपडे बदलण्याचे आणि आंघोळीनंतर पहुडण्याचे. अंगाला पंचा गुंडाळून, कॉफी पीत, गप्पा छाटत लोक येथे तास-दोन तास काढत. तेथून पुढे कोमट दालन, आणि त्यापुढे ऊन दालन. एकदम ऊन दालनात शिरून घेरी येऊ नये म्हणून ही पायरीपायरीची योजना.

दालनागणिक छत बदलते. घुमटांना गोल भोके पाडून त्यांवर जाड काच बसवलेली आहे. भिंतींना बाहेर पाहायला खिडक्या नाहीत, त्यामुळे उष्णता आत टिकते, कोणाला डोकावताही येत नाही, आणि उजेड येतो तो फक्त वरून. दुपारी उन्हाचे गोल कवडसे संगमरवरी फरशीवर पडतात आणि सूर्य सरकेल तसे भिंतीवर चढतात. भिंतीलगत दगडी कुंड्या आहेत. कुंडीला निचऱ्याचे भोक नसे. तोटीचे पाणी कुंडीत घ्यायचे आणि धातूच्या वाडग्याने अंगावर ओतायचे. एकाने वापरलेल्या पाण्यात दुसऱ्याने शिरायचे नाही, कारण साठलेल्या पाण्यापेक्षा वाहते पाणी शुद्ध, हा इस्लामी दंडक. बुडी मारण्याचा मोठा हौद तुर्की हमामात सहसा दिसत नाही तो याचमुळे.

सगळी करामत मात्र पायाखाली. ऊन दालनाला लागून भट्टी, तिच्यावर तांब्याची कढई. आपल्या बंबाचाच हा थोरला भाऊ, फक्त येथे पाण्याबरोबर अख्खी इमारत तापवायची असे. फरशी बुटक्या खांबांवर तोललेली असते, तिच्याखालच्या पोकळीतून भट्टीची धग आणि धूर खेळवला जातो आणि भिंतीतल्या नळ्यांतून वर सोडला जातो. रोमनांची ही युक्ती बायझँटिन साम्राज्यातून तुर्कांकडे आली. रोमन बाजारपेठेच्या अवशेषांशेजारीच हा हमाम आहे, हे लक्षात घेतले की ही परंपरा कुठून कुठे गेली ते जागेवरच उमगते.

संग्रहालय म्हणून येथे मांडलेला विषय आहे माणसाचे शरीर, त्याची स्वच्छता आणि शृंगार. हमामाच्या संसारातल्या वस्तू पाहताना सर्वांत जास्त वेळ खडावांपाशी जातो. या लाकडी खडावा चांगल्या वीतभर उंचही असत. ऊन फरशीचा चटका बसू नये आणि सांडपाणी पायाला लागू नये, हा मूळ हेतू. पण नवरीच्या खडावांवर शिंपल्याचे चकचकीत तुकडे जडवत. पायात चढवलेली उंची आणि त्यावरचे जडावकाम पाहून सासर तोलामोलाचे आहे की नाही ते चारचौघी ताडत. त्याच्या जोडीला अंग घासायची खरखरीत पिशवी, वाडगा, पंचे आणि सुगंधी द्रव्ये. घासून घेण्याचे काम नोकर करत, पुरुषांकडे पुरुष आणि बायकांकडे बायका. बरणीभर उटणे आणि वजरी घेऊन अभ्यंगाला बसणाऱ्या मराठी वाचकाला यातले काही परके वाटू नये.

उस्मानी साम्राज्याच्या जुन्या मुलखात हमामांना असे दुसरे आयुष्य अन्यत्रही मिळाले आहे. उत्तर मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये येथील पंधराव्या शतकातल्या दाउद पाशा हमामात १९४८ पासून राष्ट्रीय कलादालन नांदते आहे. इस्तंबूलमधला सुलतान दुसऱ्या बायझीदच्या काळातला हमाम २०१५ मध्ये हमाम-संस्कृतीचे संग्रहालय म्हणून खुला झाला. अथेन्सने हे काम त्याच्या सतरा वर्षे आधी केले होते.

२००० ते २०१८ : विस्तार आणि शताब्दी

२००४ च्या ऑलिंपिकच्या तयारीत अ‍ॅक्रोपोलिसभोवतीचे मोठे रस्ते पादचाऱ्यांसाठी राखून ठेवले गेले आणि प्लाकातली वर्दळ वाढली. पानोस रस्त्यावरच्या २२ क्रमांकाच्या इमारतीत संस्थेने ‘माणूस आणि अवजारे’ हा विषय मांडला. सुतार, लोहार, चांभार, शेतकरी यांच्या हातातली हत्यारे तेथे आली. आतापर्यंत घडवलेल्या वस्तू दिसत होत्या, आता त्या घडवणारे हातही दिसू लागले.

मोनास्तिराकीत, मशिदीच्या अगदी जवळ, जुन्या घरांचा एक संपूर्ण चौक संग्रहालयासाठी दुरुस्त करण्याची योजनाही पुढे सरकत गेली. लहानमोठ्या अठरा इमारती, मधली अंगणे, आणि त्यांत संत एलिसेओसचे इवलेसे चर्च. कादंबरीकार आणि कथाकार अलेक्सांद्रोस पापादियामांतिस (१८५१–१९११) या चर्चमध्ये रात्रीच्या प्रार्थनांत स्तोत्रे गात असे. चर्च १९४० च्या दशकात पाडले गेले होते, ते त्याच जागी पुन्हा बांधण्यात आले.

नंतर आर्थिक संकट आले. २०१० नंतरची वर्षे ग्रीसच्या प्रत्येक सरकारी संस्थेला हलाखीची गेली. नोकरभरती थांबली, पगार कापले गेले, कामे रेंगाळली. किदाथिनेऑन रस्त्यावरची इमारत स्थलांतरासाठी बंद झाली आणि संग्रह खोक्यांत बांधला गेला. या काळात हमाम आणि मशीद यांनी संस्थेचे अस्तित्व लोकांसमोर राखले. कर्मचाऱ्यांनी कमी मनुष्यबळावर दारे उघडी ठेवली, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे.

२०१८ मध्ये संस्थेने शंभरी गाठली. ‘आधुनिक ग्रीक संस्कृती संग्रहालय’ हे आजचे नावही तिने याच सुमारास धारण केले.

सद्यःस्थिती

मोनास्तिराकीच्या संकुलाचे दरवाजे २०२० नंतर टप्प्याटप्प्याने उघडले. त्यामुळे संस्थेचा पसारा आता अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी, सहज पायी फिरता येईल अशा टापूत आला आहे. संकुलात मुख्य संग्रह, मशिदीची वास्तू, पानोस रस्त्यावरची अवजारे आणि किरिस्तू रस्त्यावरचा हमाम. हमामात कायमच्या मांडणीबरोबरच अधूनमधून आजच्या कलावंतांची प्रदर्शने भरतात, शाळकरी मुलांच्या सहली येतात. तुर्की अमदानीचा विषय ग्रीसमध्ये आजही नाजूक आहे. पण शिक्षक मुलांना घेऊन या घुमटांखाली उभे राहतात तेव्हा युद्धांच्या पलीकडचा, रोजच्या आंघोळीचा इतिहासही त्यांना सांगता येतो. एके काळी याच शहरात मुसलमान आणि ख्रिस्ती शेजारी एकाच भट्टीच्या पाण्याने न्हात होते, हे सांगायला दुसरी इतकी सोयीची जागा अथेन्समध्ये नाही.

अथेन्सच्या सहलीवर जाणारे मराठी प्रवासी आता कमी नाहीत. बहुतेकांचा दिवस पार्थेनॉन आणि अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय यांतच संपतो. त्यांनी उतरताना वाऱ्यांच्या मनोऱ्याची वाट धरावी आणि किरिस्तू रस्त्यावर ८ क्रमांकाचे दार शोधावे. उघडण्याचे वार आणि वेळ आधी पाहून घ्यावी. तिकीट मोठ्या स्थळांच्या मानाने किरकोळ आहे, गर्दी नसते, आणि सगळी दालने पाहायला तासभर पुरेसा होतो.